सगळ्या मॅचचं तिकीट

कंपनीच्या ग्रुपवर वर्षाकाठी एकदा-दोनदा मामांचा विषय निघतो. कुणीतरी जुना फोटो टाकतो. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात कंपनीचे सेफ्टी शूज, गळ्यात टीमचा हिरवा मफलर, तोही भर उन्हात. खाली हसून डोळ्यांतून पाणी काढणारी पिवळी तोंडं रांगेनं येतात. "मामा म्हणजे एक नंबर कार्टून होते राव," असं कुणीतरी लिहितं. मीही एक पिवळं तोंड टाकतो आणि फोन पालथा ठेवतो. मामा कंपनीतून गेले कसे, हे हसणाऱ्यांपैकी एकालाही विचारावंसं वाटत नाही. ते नीट माहीत असलेला त्या ग्रुपमध्ये मी एकटाच आहे, आणि त्या ग्रुपचा ॲडमिनही मीच आहे.

मामा चाकणच्या आमच्या कारखान्यात फायनल इन्स्पेक्शनला होते. गाड्यांच्या ब्रेकला लागणारा एक लहानसा भाग आम्ही बनवत होतो. तो नग हातात घ्यायचा, गेजमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, घालून बघायचा, उजेडाकडे धरून फिरवायचा आणि पेटी पुरी झाली की तिच्या चिठ्ठीवर आपल्या नंबरचा शिक्का मारायचा, एवढं त्यांचं काम. चोवीस वर्षं त्यांनी ते केलं आणि चोवीस वर्षं लोकांच्या शिव्या खाल्ल्या, कारण मामा माल परत पाठवायचे. महिनाअखेर असो, साहेब शेजारी येऊन उभा राहिलेला असो, परत म्हणजे परत. "गाडी चालवणाऱ्याला तुमची महिनाअखेर ठाऊक न्हाई," म्हणायचे. शिक्का शर्टाच्या खिशात असायचा आणि त्या खिशाला बटण होतं. जेवायला जाताना त्या बटणावरून ते एकदा हात फिरवायचे.

फुटबॉलशी त्यांचा सात जन्मांत संबंध नव्हता. जन्म कासारवाडीतला, घर स्टेशनाजवळ दोन खोल्यांचं, लहानपणी फार तर सूरपारंब्या. शहराची टीम निघाली आणि बालेवाडीच्या मैदानावर मॅच होऊ लागल्या, तेव्हा कंपनीत फुकटचे पास वाटले गेले. बाकीचे शिट्ट्या मारायला आणि मॅचच्या आधी नाचायला येणाऱ्या मुली बघायला गेले. मामा खेळ बघून आले. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये म्हणाले, "बावीस माणसं, दीड तास, आन् मध्येच कुणी तंबाखू मळायला जात न्हाई." एवढीच त्यांची समीक्षा. पुढच्या वर्षी त्यांनी स्वतःच्या पैशानं दोन सीझन तिकिटं काढली, एक स्वतःचं आणि एक मामींचं. सीझन तिकीट म्हणजे काय हे आमच्याकडे कुणाला ठाऊक? "लोणावळ्याचा पास काढलाय व्हय मामा?" असं लोक विचारत. मामा त्यांना गळ्यात अडकवायचं कार्ड दाखवत. समोर जागेचा नंबर, मागे सात चौकोन. दारावरचा माणूस दर मॅचला एका चौकोनाला भोक पाडायचा.

मामी एकदाच गेल्या. परत येऊन म्हणाल्या, "एकानं दुसऱ्याला चेंडू सुखानं घेऊ दिला न्हाई. भांडणंच बघायची तर आमच्या नळावर या की." तेव्हापासून शेजारची जागा रिकामी राहू लागली, आणि रिकामी जागा मामांना खपत नव्हती.

ती जागा मला मिळाली. मी लातूरकडून आलेला, ठेकेदाराचा माणूस. काळेवाडीत एका खोलीत चौघं राहायचो. इन्स्पेक्शनला मदतनीस म्हणून लागलो होतो. एकदा माझ्या हातून चुकून पुढे गेलेला खराब नग मीच पेटी उपसून परत आणला, हे मामांनी पाहिलं. त्यात काही मोठेपणा नव्हता, मला भीती वाटली होती. पण मामांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "रविवारी काय करतूस?"

आमच्या पट्ट्यात सुट्टी गुरुवारची आणि मॅच बहुतेक रविवारी, म्हणजे मॅचचा दिवस आमच्या कामाचाच. वेळापत्रक आलं की मामा आठवडाभर पाळ्यांची अदलाबदल करत फिरायचे. तुझी रविवारची पहिली पाळी मला दे, मी तुझी लक्ष्मीपूजनाची दुसरी करतो. विसर्जन, पाडवा, ईद, भीमजयंती, सगळ्यांचे सण मामांनी मशीनच्या आवाजात काढले, वर त्या लोकांचे उपकार मानले. "लक्ष्मीपूजनाला दिवा मी एकटीनं लावायचा," मामी मला ऐकवायच्या, "आन् ह्यांनी त्या अर्ध्या चड्डीवाल्यांसाठी रात्रपाळ्या करायच्या. तू तरी सांग की रं ह्यांना." मी काय सांगणार? माझी अदलाबदलही मामाच करून ठेवायचे.

कंपनीच्या बसमध्ये ठेकेदाराच्या माणसांना बसू देत नसत. त्यामुळे मामा बसनं यायचे, मी शेअर रिक्षा बदलत यायचो, आणि आम्ही त्यांच्या घरी भेटायचो. ते अंघोळ करून, भांग पाडून तयार असायचे. नाशिक फाट्यावरून वाकडची बस आणि तिथून पुढे पायी, हायवेच्या कडेनं, नदीचा पूल ओलांडून. रिक्षा करायची नाही. "देवाला गाडीनं जात्यात, मॅचला चालत जायचं," असा त्यांचा उलटा हिशेब होता. पिशवीत पोळीभाजीचा डबा. आत डबा नेऊ देत नसत, म्हणून दाराबाहेर फूटपाथवर बसून आम्ही पाच वाजताच्या मॅचआधी रात्रीचं जेवण करायचो. येणारेजाणारे बघायचे आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मामा आपले निवांत लोणचं वाढायचे.

आत गेल्यावर पहिलं भांडण ठरलेलं. आमच्या जागेवर कुणीतरी बसलेलं असायचं. एकदा एक आयटीतला पोरगा म्हणाला, "काका, अख्खं स्टँड रिकामं आहे, कुठंही बसा ना." मामा म्हणाले, "कुठंबी बसायला मी लग्नाला आलोय का?" त्याला उठवलं, कारखान्यातून आणलेल्या कॉटन वेस्टच्या सुती बोळ्यानं दोन्ही खुर्च्या पुसल्या आणि मग बसले. पुढचे दोन तास हा माणूस तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. गोल झाला, लोक उड्या मारताहेत, ढोल वाजतोय, मामा हाताची घडी घालून बसलेले. पंचांनी गोल धरला, चेंडू मध्यावर आला, खेळ पुन्हा सुरू झाला की मगच ते टाळ्या वाजवायचे. तोवर बाकीच्यांच्या टाळ्या थांबलेल्या असायच्या. अख्ख्या स्टँडमध्ये एकच माणूस टाळ्या वाजवतोय, असं दर गोलला व्हायचं. "आधी तपासू, मग नाचू," म्हणायचे. नाचताना मात्र त्यांना कुणी पाहिलं नव्हतं.

एकदा आम्ही चार शून्यनं हरत होतो. अवेळी पाऊस कोसळत होता आणि आमच्या बाजूला मोजून आठ माणसं उरली होती. मी म्हणालो, "मामा, निघू या की. या पावसात मागनं बस मिळायची नाही." त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की जणू मी बिनतपासलेला नग पुढे सारलाय. म्हणाले, "तिकीट सगळ्या मॅचचं हाय. जिंकायच्या मॅचचं येगळं छापत न्हाईत." मॅच संपल्यावर आमचा गोलकीपर आमच्या बाजूला आला आणि त्या आठ भिजलेल्या माणसांकडे बघून त्यानं टाळ्या वाजवल्या. मामा उठून उभे राहिले आणि त्यांनीही टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी आम्ही कासारवाडीपर्यंत चालत आलो. पाय दुखत होते, उद्याचं कामही होतं, तरी मी खूश होतो. पुण्याकडे आल्यापासून कुणी माझी वाट बघतंय, कुणाला माझी जागा रिकामी चालत नाही, असं मला त्या रविवारांतच वाटलं. हे मी मामांना कधी सांगितलं नाही.

आमच्या तिसऱ्या सीझनची शेवटची मॅच आली. जिंकलो तर पुढच्या फेरीत, नाहीतर घरी. मामा आठवडाभर धड जेवत नव्हते. आणि नेमकं त्या रविवारी अडीच वाजता सुपरवायझरनं चोवीस पेट्या आणून मांडल्या. गिऱ्हाइकाचा ट्रक लागला होता, माल आजच जायला हवा होता. मामांनी पेट्यांकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि गेज उचललं. चोवीस पेट्या म्हणजे सात वाजेपर्यंतचं काम. त्यांनी मॅचचं नावही काढलं नाही. पहिली पेटी ओढून घेतली, बस्स.

मला ते बघवेना. मी म्हणालो, "मामा, तुम्ही जा. मी करतो. तीन वर्षं तुमच्या हाताखाली हेच तर शिकलो."

"आन् तुझी मॅच?"

"माझं काय, पुढच्या साली बघू."

त्यांनी पुन्हा एकदा घड्याळाकडे पाहिलं. मग खिशाचं बटण काढून त्यांनी शिक्का माझ्या हातावर ठेवला. चोवीस वर्षांत पहिल्यांदा. "एकेक बघ," एवढंच म्हणाले, आणि सव्वातीनची बस पकडायला चक्क पळाले. मामांना पळताना मी तेव्हाच पाहिलं.

मी एकेक बघितलं. पाच पेट्या. मग सुपरवायझर आला. "भावा, काय कीस पाडतोस? मशीनवरून चांगलाच माल आलाय. पाचच्या आत पेपर झाले पाहिजेत मला. मार शिक्के." मी मान खाली घालून काम करत राहिलो. तेव्हा तो जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "परमनंटची यादी बनते आहे. तुझं नाव मीच देणार आहे. आणि हे बघ, मी वाकडलाच राहतो, गाडीवर सोडतो तुला. सेकंड हाफ तरी बघशील."

यादीसाठी मी ते केलं असं मी पुढे स्वतःला सांगत आलो, कारण पोटासाठी केलं म्हटलं की जरा बरं दिसतं. खरं सांगायचं तर यादीच्या नावानं माझा हात थांबला होता. तो हलला सेकंड हाफ हे शब्द ऐकून. एकोणीस पेट्यांवर मी मामांचा शिक्का धडाधड मारला. एकही नग बाहेर काढला नाही.

मी जिने चढून वर गेलो तेव्हा मध्यंतर चालू होतं आणि शून्य शून्य बरोबरी होती. मामा खुर्चीत ताठ बसलेले, शेजारच्या खुर्चीवर त्यांचा मफलर. मला बघून त्यांनी मफलर उचलला.

"झालं?"

"झालं."

"समदं?"

"सगळं."

मी शिक्का परत दिला. त्यांनी तो खिशात टाकला, बटण लावलं आणि मैदानाकडे तोंड केलं. शेवटच्या काही मिनिटांत आमच्या टीमनं गोल केला. आणि मामांनी वाट पाहिली नाही. पंचांकडे बघितलं नाही, चेंडू मध्यावर यायची वाट बघितली नाही. ते ताडकन उठले आणि त्यांनी मला असं कवटाळलं की माझी हाडं कडकडली. ते रडत होते. मीही रडत होतो. आयुष्यात इतका आनंद मला त्याआधी झाला नव्हता आणि नंतरही झालेला नाही, आणि हे लिहिताना माझ्या तोंडाला कडू चव येते.

दहा दिवसांनी माल परत आला. गिऱ्हाइकाच्या असेंब्लीवरच चूक सापडली, रस्त्यावर गाडी पोचली नाही, हे नशीब. एका अख्ख्या ढिगाचं भोक मापाबाहेर गेलं होतं. मामांच्या गेजमध्ये तो नग गेलाच नसता. पेट्यांवर शिक्का कुणाचा, हे सगळ्यांना दिसत होतं. साहेब लोकांना मामा तसेही खुपत होतेच, त्यांना आयतं सापडलं. चौकशी बसली.

मला साक्षीला बोलावलं. आदल्या दिवशी सुपरवायझरनं मला समजावलं होतं. ठेकेदाराच्या माणसांची हजेरी हातानं लिहीत, आणि जादा वेळेचं काही द्यावं लागू नये म्हणून सगळ्यांना तीनला गेलेलं दाखवत. कागदावर मी त्या रविवारी तीन वाजता निघून गेलो होतो. "तू फक्त तेवढंच सांग," तो म्हणाला. "म्हाताऱ्याची नोकरी कशीही जाणार आहे. शिक्का दुसऱ्याच्या हातात दिला हे कळलं तर उलट अजून वाईट. तुझी तरी वाचव." असं कुणी समजावलं की किती पटतं!

लांबलचक टेबल, पलीकडे तीन साहेब, अलीकडे खुर्चीत मामा. इस्त्रीचा शर्ट. त्यांचा एकच जबाब होता, "शिक्का माझा हाय." त्यापुढे ते बोलतच नव्हते. एका साहेबानं मला विचारलं, "तीन वाजल्यानंतर तुम्ही कुठे होता?"

"मॅचला," मी म्हणालो.

"पुरावा?"

मी गळ्यातलं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. पालथं. सातही चौकोनांना भोकं होती. साहेबानं ते हातात घेऊन निरखलं आणि मामांना विचारलं, "हा तुमच्याबरोबर होता?"

मामांनी कार्डाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, पण त्या नजरेत राग नव्हता, मला तो हवा होता. "व्हय," ते म्हणाले. "माझ्या शेजारी बसला व्हता."

साहेबानं लिहून घेतलं. किती वाजता आला, हे त्यानं विचारलं नाही आणि मामांनी सांगितलं नाही. मामांनी न बघता शिक्के मारले आणि मॅचला पळाले, असा निष्कर्ष निघाला. निवृत्तीला चार वर्षं राहिली असताना त्यांच्याकडून राजीनामा लिहून घेतला. कँटीनमध्ये लोक म्हणाले, फुटबॉलच्या नादानं म्हातारा गेला. तीन महिन्यांनी यादी लागली. मी परमनंट झालो आणि मला माझ्या नंबरचा शिक्का मिळाला.

दोन वर्षं मी कासारवाडीला पाय ठेवला नाही. मामा भोसरीतल्या एका लहान वर्कशॉपमध्ये रोजावर नग तपासतात, असं कानावर आलं होतं. मग टीमच बंद झाल्याची बातमी आली. त्याच आठवड्यात मी त्यांच्या घरी गेलो. एखाद्याच्या घरी दुःखाचं झालं की जुनं काही न काढता जाता येतं, तसा मी टीमच्या आडून गेलो. मामी चहा ठेवून भाजी आणायला गेल्या. मामा वाळले होते. आम्ही टीमबद्दल बोललो, गोलकीपर आता कुठे असेल त्याबद्दल बोललो. मग माझ्याच्यानं राहवेना.

"मामा, त्या दिवशी मी सगळ्या पेट्या बघितल्या नव्हत्या."

"ठाऊक हाय."

"चौकशीत कळलं?"

"न्हाई रं. तू जिन्यातनं वर येताना दिसलास तवाच." ते बशीतला चहा फुंकत होते. "चोवीस पेट्या. सातच्या आत व्हत्यात का? मला शिकवतूस?"

"मग विचारलं कशाला मला?"

"तू न्हाई म्हणशील असं वाटलं म्हणून."

तेच पुढे बोलत राहिले, कुणा तिसऱ्याची हकीकत सांगावी तसं. "संध्याकाळी चाकणच्या चौकातनं मोठ्या गाड्या सोडत न्हाईत. ट्रक आठपर्यंत गेटावरच उभा असतो. गेटावर एक फोन केला असता तर समद्या पेट्या खाली उतरवल्या असत्या. माझी नोकरी ऱ्हायली असती. तुझीबी."

"मग का नाही केलात?"

"फोन काढला व्हता हातात. तू पाणी प्यायला गेलास तवा. नंबरबी लावला." बशी त्यांनी खाली ठेवली. "आन् तेवढ्यात शिट्टी झाली. दुसरा हाफ सुरू झाला."

मी उठलो आणि चपला घालून बाहेर आलो. दोन वर्षं मी समजत होतो की मामा माझ्यासाठी गप्प राहिले. स्टेशनाकडे चालताना मला त्यांची कीव यायला हवी होती, निदान राग तरी. पण मला आधी हायसं वाटलं, आपण एकटे नव्हतो म्हणून. एकोणीस पेट्यांवर मारलेल्या शिक्क्यांपेक्षा त्या हायसं वाटण्याची मला जास्त लाज वाटते.